टाकाऊ लहरी आणि १,३०० फूट तार

आजच्या भागाचा हीरो आहे एक तार. साधी, लांबलचक, धातूची तार. लांबी १,३०० फूट, म्हणजे जवळपास ४०० मीटर. आणि उंची? जेमतेम १२ फूट. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रॉसन गावाबाहेरच्या एका शेतात ती खांबांवर ताणली होती. तिच्या टोकाला एक तंबू होता. बाहेर वारा, पाऊस आणि कडाक्याची थंडी, आणि आत पॉल गॉडली नावाचा अमेरिकन माणूस कानाला हेडफोन लावून रात्रभर जागत बसलेला.

तो ऐकत काय होता? तर ज्या लहरी सरकारने आणि तज्ज्ञांनी टाकाऊ ठरवल्या होत्या, त्या.

जरा मागे जाऊ. १९१२ साली, टायटॅनिक बुडाल्यावर काही महिन्यांतच, अमेरिकेत रेडिओचा कायदा झाला. तोवर हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण हॅम म्हणतो, त्यांना फारशी आडकाठी नव्हती. कायद्याने त्यांना सांगितलं की, तुम्ही २०० मीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीवरच बोलायचं. त्या काळी समज असा होता की लहर जितकी लांब, तितकी ती दूर जाते. समुद्रापार संदेश पाठवणाऱ्या मोठ्या कंपन्या हजारो मीटरच्या लहरी वापरायच्या. त्यासाठी प्रचंड मनोरे आणि अफाट वीज लागायची. २०० मीटरच्या खालचं कुणालाच नको होतं. थोडक्यात, पोरांना खेळायला गावाबाहेरची पडीक जमीन दिली.

पण पोरं शांत बसली नाहीत. या लहरींवर अटलांटिक ओलांडता येतो का, हे बघायचं अमेरिकन रेडिओ रिले लीग या हॅम संघटनेने ठरवलं. फेब्रुवारी १९२१ मध्ये पहिला प्रयत्न झाला. अमेरिकेतून संदेश सोडले, ब्रिटनमधले हॅम ऐकत बसले, आणि हाती काहीच लागलं नाही. मग लीगने ठरवलं की आता आपलाच माणूस, आपलं यंत्र घेऊन तिकडे पाठवायचा. निवड झाली गॉडलीची. रिसीव्हर बनवण्यात त्याचा हातखंडा होता.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या दुरून ऐकायचं तर अँटेना उंच हवा ना? इथेच खरी गंमत आहे.

लांब लहरींवर मोठी अडचण असते ती खरखरीची. जगात कुठे ना कुठे विजा चमकत असतात आणि त्यांचा आवाज याच पट्ट्यात भरलेला असतो. उंच अँटेना सिग्नल जास्त पकडतो, पण खरखरही तितकीच जास्त पकडतो. मग फायदा काय? भर बाजारात मित्राची हाक ऐकायची तर नुसते कान मोठे असून चालत नाही. त्याच्या दिशेने कान द्यावा लागतो.

हा दिशेने कान देणारा अँटेना हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन इंजिनिअरने नुकताच शोधला होता. आजही त्याला बेव्हरेज अँटेनाच म्हणतात. कल्पना सोपी आहे. रेडिओची लहर जमिनीवरून सरकताना तिचा खालचा भाग जमिनीमुळे थोडा मागे रेंगाळतो आणि लहर पुढे झुकते. त्या झुकण्यामुळे आडव्या तारेत किंचित वीज निर्माण होते. लहर तारेबरोबर पुढे जाते तशी ही वीज साठत वाढत जाते आणि शेवटी रिसीव्हरपाशी पोचते. उलट दिशेने आलेली लहर दुसऱ्या टोकाला जाते. तिथे एक रेझिस्टर लावून तार जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे तो नको असलेला आवाज तिथेच जिरतो. आर्ड्रॉसनच्या तारेचं रेझिस्टरचं टोक अमेरिकेच्या दिशेला होतं आणि तंबू दुसऱ्या टोकाला. जमिनीलगतची तार सिग्नल कमीच पकडते, पण खरखर त्याहून कितीतरी कमी पकडते. सगळा खेळ या फरकाचा.

पलीकडे, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ग्रिनिच इथे सहा जणांनी मिळून एक स्टेशन उभारलं होतं. त्याचं नाव वन-बी-सी-जी. ताकद साधारण एक किलोवॅट, म्हणजे आपल्या इस्त्रीइतकी! त्या सहांत एडविन आर्मस्ट्राँगही होता. आणि गॉडलीच्या तंबूतला सुपरहेटरोडाइन रिसीव्हर कुणाच्या शोधावर चालत होता? याच आर्मस्ट्राँगच्या.

११ डिसेंबरची रात्र उलटून १२ तारीख लागली, आणि २३० मीटरच्या आसपास मोर्समधला एक पूर्ण संदेश तंबूत उतरला. संदेश होता अभिनंदनाचा, खाली सहाही जणांची नावं. शेजारी साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा इन्स्पेक्टर पिअर्सन बसला होता, त्यामुळे ‘कशावरून?’ असं विचारायची सोय उरली नाही. त्या काही रात्रींत गॉडलीने दोन डझनांहून जास्त अमेरिकन हॅम स्टेशनं ऐकली. यावेळी काही ब्रिटिश हॅमनाही सिग्नल मिळाले.

पुढचं सगळं भराभर घडलं. नोव्हेंबर १९२३ मध्ये १०० मीटरच्या आसपास अमेरिका आणि फ्रान्सच्या हॅममध्ये दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यूझीलंड आणि लंडन जोडले गेले. हे का घडतं, तर वातावरणाच्या वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. तो थर ॲपल्टनने प्रयोगाने दाखवला तो १९२४ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे आधी पोरांनी करून दाखवलं, पुरावा मागून आला.

आणि मग पडीक जमिनीचा भाव वाढला! सरकारं आणि कंपन्या शॉर्टवेव्हकडे धावल्या. १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बीम वायरलेस सेवा सुरू झाली, ती याच आखूड लहरींवर. भारतातून संदेश पाठवायचं केंद्र कुठे होतं? पुण्याजवळ खडकीला. आणि इंग्लंडचे संदेश पकडायचं केंद्र दौंडला. पुणे-सोलापूर रेल्वेने जाताना दौंड लागलं की हे आठवा.

हौशी मंडळींच्या हातून बराच पट्टा गेला, पण काही तुकडे राहिले. त्यातला १६० मीटरचा पट्टा आर्ड्रॉसनच्या लहरींचा सख्खा शेजारी. तिथे आजही हिवाळ्याच्या लांब रात्री जागणारे हॅम आहेत, आणि ज्यांच्याकडे शेत आहे ते आजही बेव्हरेज तारच ताणतात. शहरातल्यांना ते कुठून जमणार? ते ४० मीटरच्या पट्ट्यावर येतात. तिथे गच्चीवर २० मीटर तार पुरते. मधोमध केबल जोडायची, मधला भाग काठीवर उंच धरायचा, दोन्ही टोकं खाली उतरवायची. फक्त विजेच्या तारांपासून लांब, आणि बोलायचं असेल तर आधी परीक्षा देऊन परवाना काढायचा.

शंभर वर्षांत रिसीव्हर खिशात मावू लागला, पण लहर तेवढीच लांब राहिली. म्हणून तारही तेवढीच लागते. तिला ॲप नाही!

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.