पीजीची जागा निवडताना: कॉलेजसोबत विभागही तपासा

नीट-पीजीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, कोणती ब्रँच मिळणार? दुसरा, कोणते कॉलेज? तिसरा प्रश्न सहसा राहून जातो: त्या विभागात तीन वर्षे कशी जातील? ज्यांच्या घरात आधीच डॉक्टर आहेत, त्यांना याचे उत्तर एका फोनवर मिळते. आपल्या समाजातील बहुतेक मुले-मुली पहिल्या पिढीतील डॉक्टर आहेत. त्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून ही माहिती.

जागा कुठून मिळतात

शासकीय महाविद्यालयांतील 50 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. ही प्रक्रिया एमसीसी राबवते. उरलेल्या 50 टक्के राज्याच्या असतात आणि महाराष्ट्रात त्या सीईटी कक्ष भरतो. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना 15 आणि जमातींना 7.5 टक्के आरक्षण आहे, राज्य कोट्यात अनुक्रमे 13 आणि 7 टक्के. अभिमत विद्यापीठांच्या जागाही एमसीसीमार्फतच भरतात, पण तिथे आरक्षण नाही आणि शुल्क प्रचंड असते. एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही स्वतंत्र परीक्षा वर्षातून दोनदा होते.

कागदपत्रे आधी

1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. मात्र केंद्रीय नमुन्यातील दाखल्यावर अनुसूचीतील मूळ जातीचे नाव असावे लागते. नुसते 'बौद्ध' लिहिलेला दाखला ऐन वेळी अडचणीत आणतो. राज्य कोट्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. दोन्ही कागद निकालाआधीच हातात हवेत.

पसंतीक्रम

यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच भरा. 'हे मिळणारच नाही' म्हणून चांगली जागा खाली टाकू नका. संगणक यादी वरून खाली तपासतो, त्यामुळे अवघड जागा वर ठेवल्याने खालची संधी जात नाही. आरक्षित प्रवर्गातील उमेदवाराला गुणवत्तेवर खुली जागाही मिळू शकते. पुढच्या फेऱ्यांत जागा सोडल्यास अनामत रक्कम जाते, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका पूर्ण वाचा.

एमडी-एमएस की डीएनबी

मोठ्या शासकीय रुग्णालयात रुग्ण भरपूर, हाताला काम भरपूर आणि थकवाही तेवढाच. डीएनबीच्या जागा अनेकदा खासगी, ट्रस्टच्या किंवा जिल्हा रुग्णालयांत असतात. तिथे वरिष्ठांचे लक्ष जास्त मिळू शकते, पण काही ठिकाणी रेसिडेंटला स्वतः शस्त्रक्रिया करायला फार कमी मिळते. शस्त्रक्रियेची ब्रँच घेणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे. डीएनबीची अंतिम परीक्षा राष्ट्रीय मंडळ घेते, तेव्हा त्या रुग्णालयातील मुले पास होतात का, हेही पाहा.

पैसा आणि बाँड

विद्यावेतन वेळेवर मिळते का? हॉस्टेलची खोली खरोखर मिळते का? महाराष्ट्रात शासकीय जागेवर शिकल्यास पुढे एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते. ती टाळल्यास लाखोंचा दंड आहे. इतर राज्यांत हा काळ जास्त असू शकतो. घरचे कर्ज फेडायचे असेल तर हे वर्ष आधीच हिशेबात धरा.

विभागाची चौकशी

सध्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात असलेल्या किमान दोघांशी बोला. त्यातला एक आपल्या प्रवर्गातला असेल तर उत्तम. विचारायचे प्रश्न असे:

- सलग किती तास ड्युटी लागते? केंद्राच्या 1992 च्या निवासी योजनेत सलग 12 आणि आठवड्याला 48 तास लिहिलेले आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2023 चे नियम साप्ताहिक सुटी आणि पुरेशी विश्रांती सांगतात. प्रत्यक्षात काय चालते?
- गेल्या काही वर्षांत कोणी जागा सोडली का? का सोडली?
- पहिल्या वर्षाच्या मुलांना केस करू देतात, की फक्त कागदपत्रे आणि रक्तनमुने?
- रँक, प्रवर्ग किंवा आडनावावरून बोलले जाते का? तक्रार केली तर विभागप्रमुख काय करतात?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. त्या आदिवासी समाजातील होत्या आणि स्त्रीरोग विभागात पीजी करत होत्या. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. रेसिडेंटची ड्युटी, सुटी, प्रबंध आणि परीक्षा एकाच विभागाच्या हातात असते. त्यामुळे तिथले वातावरण हा निवडीचा रास्त निकष आहे. याला घाबरटपणा म्हणण्याचे कारण नाही.

याचा अर्थ अवघड विभाग आपल्या मुलांनी सोडून द्यावेत असा नाही. जायचे असेल तर तयारीने जावे: मार्डचे स्थानिक प्रतिनिधी कोण, रॅगिंगविरोधी समितीत कोण, हे पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्यावे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 ही आहे. अपमानाचे मेसेज पुसू नका, तारखेसह जपून ठेवा.

कार्यकर्त्यांना एक काम करता येईल. आपल्या जिल्ह्यातील पीजी झालेल्या आणि करत असलेल्या डॉक्टरांची यादी बनवा आणि निकालानंतरच्या आठवड्यात नव्या मुलांशी त्यांची गाठ घालून द्या. एका फोनवर मिळणारी माहिती आपल्या मुलांनाही एका फोनवर मिळाली पाहिजे.