नेपोलियनकालीन लष्करी पदके : संग्रह, सत्यतापरीक्षण आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

इतिहासाच्या भौतिक साधनांमध्ये नाणी, शिलालेख आणि ताम्रपट यांना आपल्या अभ्यासक्रमात मानाचे स्थान आहे. लष्करी पदकांकडे मात्र बहुधा संग्राहकांच्या छंदाची वस्तू म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक ज्याने पत्रे लिहिली नाहीत आणि ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, अशा सामान्य शिपायाचे नाव जपणाऱ्या मोजक्या साधनांपैकी पदक हे एक आहे. त्यामुळे पदकाची बनावट ही केवळ खरेदीदाराची फसवणूक ठरत नाही, तर पुराव्याचाही नाश करते. ‘पदक अस्सल आहे’ आणि ‘पदक त्याच व्यक्तीचे आहे’ ही दोन स्वतंत्र विधाने असून ती वेगवेगळ्या पुराव्यांनी सिद्ध करावी लागतात, हे नेपोलियनकालीन पदकांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सन्मानाचे बदलते स्वरूप

फ्रान्समध्ये 19 मे 1802 रोजी नेपोलियन बोनापार्टने ‘लेजियों द’ऑनर’ या सन्मानाची स्थापना केली. जन्म आणि कुळ यांचा विचार न करता लष्करी व मुलकी सेवेचा गौरव करणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. प्रशियाच्या राजाने 10 मार्च 1813 रोजी स्थापन केलेला ‘आयर्न क्रॉस’देखील सर्व दर्जांच्या सैनिकांसाठी खुला होता. ब्रिटनमध्ये मात्र द्वीपकल्पीय युद्धातील सुवर्णपदके वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरतीच मर्यादित राहिली. 18 जून 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर ही स्थिती बदलली. थॉमस वायन (धाकटे) यांनी घडवलेले रौप्यपदक 1816-17 मध्ये सर्व दर्जांच्या सैनिकांना एकसारखे देण्यात आले. त्यांची संख्या सुमारे 39,000 होती आणि प्रत्येकाच्या कडेवर प्राप्तकर्त्याचे नाव यंत्राने उमटवलेले होते.

स्पेन व पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे लढलेले सैनिक या सन्मानापासून वंचित राहिले. त्यांच्या दीर्घकालीन असंतोषानंतर 1 जून 1847 रोजी ‘मिलिटरी जनरल सर्व्हिस’ पदक मंजूर झाले. त्यासाठी सैनिकाने स्वतः अर्ज करणे आणि त्या वेळी हयात असणे आवश्यक होते. सुमारे 26,000 पदके देण्यात आली. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनने 12 ऑगस्ट 1857 रोजी ‘सेंट हेलेना’ पदक सुरू केले. 1792 ते 1815 या काळातील हयात सैनिकांना ते मिळाले आणि त्यांची संख्या चार लाखांच्या घरात होती.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ज्यांना आपण नेपोलियनकालीन म्हणतो, त्यांपैकी अनेक पदके युद्धानंतर तीन-चार दशकांनी घडवलेली आहेत. 1793 ते 1814 या काळातील लढायांच्या पदकावर राणी व्हिक्टोरियाची प्रतिमा आणि 1848 हे वर्ष आढळते; राणीचा जन्मच मुळी 1819 चा. नवख्या संग्राहकास ही विसंगती बनावटीची खूण वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ती अस्सलपणाची खूण आहे.

सत्यतापरीक्षणाची सूत्रे

पहिली परीक्षा धातूची. टांकसाळीत ठशाने पाडलेल्या पदकाची रेषा तीक्ष्ण व पृष्ठभाग घट्ट असतो. साच्यात ओतलेल्या नकलेत बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि थंड होताना धातू आकसल्यामुळे व्यास किंचित कमी भरतो. आयर्न क्रॉसचा गाभा लोखंडाचा व चौकट चांदीची असल्याने तेथे साधे लोहचुंबकही उपयोगी पडते.

दुसरी परीक्षा नावाची. वॉटर्लू पदकावरील नाव ठशांनी उमटवलेले असून उरलेली जागा ताऱ्यांच्या चिन्हांनी भरलेली असते. हाताने कोरलेले नाव आढळल्यास मूळ नाव घासून दुसरे घातल्याचा संशय येतो. घासण्यामुळे कड पातळ होते आणि व्यास घटतो; हा फरक व्हर्नियर मापकाने मोजता येतो. मात्र हा प्रकार सर्वाधिक घातक आहे, कारण येथे धातू अस्सल असतो, ठसा अस्सल असतो आणि खोटे असते ते केवळ नाव. स्कॉट्स ग्रेजसारख्या विख्यात पलटणीतील किंवा रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या पदकास लिलावात अधिक किंमत येते, हेच या फेरफाराचे प्रमुख कारण आहे.

तिसरी परीक्षा जोडभागांची. वॉटर्लू पदकाची मूळ कडी पोलादी होती. ती गंजत असल्याने अनेक सैनिकांनी स्वखर्चाने चांदीची कडी बसवून घेतली. म्हणून बदललेली कडी हा दोष मानता येत नाही. याउलट मिलिटरी जनरल सर्व्हिस पदकावरील लढायांच्या नावांच्या पट्ट्या काटेकोरपणे तपासाव्या लागतात. अशा एकूण 29 पट्ट्या मंजूर होत्या. सैनिकाची पलटण त्या लढाईत नसेल, तर पट्टी कितीही अस्सल दिसली तरी ती त्या पदकाची नव्हे.

चौथी व निर्णायक परीक्षा दप्तराची. ब्रिटिश पदकांच्या नामावल्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तथापि नामावलीत नाव सापडणे म्हणजे हाती असलेले पदक मूळ असणे नव्हे, कारण बनावट करणाराही त्याच नामावलीतून नाव निवडतो. धातू, नाव आणि दप्तर या तिन्हींची साक्ष जुळली तरच निष्कर्ष काढावा.

फ्रेंच पदकांत ही अडचण अधिक तीव्र होते. सेंट हेलेना पदकावर नाव नसल्याने सोबतचे प्रमाणपत्र नसेल, तर ते कोणाचे हे पदकावरून सांगता येत नाही. लेजियों द’ऑनरच्या क्रॉसवरील नेपोलियनची प्रतिमा 1814 मध्ये राजसत्ता परतल्यावर चौथ्या हेन्रीच्या प्रतिमेने बदलली गेली. काही मानकऱ्यांनी जुन्याच क्रॉसचा मध्यभाग बदलून घेतला. अशी संमिश्र वस्तू बनावट ठरत नाही. सत्तांतरात माणसाने निष्ठा कशी सांभाळली याचा तो पुरावा ठरतो. दुर्दैवाने 1871 च्या पॅरिस कम्यूनच्या वेळी लागलेल्या आगीत या सन्मानाचे दप्तर मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले व पुढे ते अंशतःच पुन्हा उभे करता आले.

महाराष्ट्राचा संदर्भ

नेपोलियन युरोपात बलाढ्य होत असतानाच 23 सप्टेंबर 1803 रोजी पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या आर्थर वेलस्लीने असईची लढाई जिंकली. या लढाईसाठीचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मात्र 21 मार्च 1851 रोजी, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनंतर मंजूर झाले. त्याच्या 21 पट्ट्यांमध्ये असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर आणि कोरेगाव ही आपल्या परिचयाची नावे आहेत. एकूण पदके सुमारे साडेचार हजार. मधल्या काळात मृत्यू पावलेल्यांना, मग ते गोरे असोत वा देशी शिपाई, या धातूत स्थान मिळाले नाही.

मराठी दौलतीत पराक्रमाचा गौरव इनाम, सरंजाम, वस्त्रे व सोन्याचे कडे यांद्वारे होत असे आणि त्याचा पुरावा सनदेत असे. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने सनदांच्या पडताळणीसाठी पेशवे दप्तराचा आधार घेतला, ही बाब मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. वस्तूची साक्ष दप्तराशी ताडून पाहण्याची शिस्त आपल्यालाही नवी नाही. भारतात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, 1972 लागू होतो, याचेही भान संग्राहकाने ठेवणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

पदक लढाईची थेट साक्ष देत नाही. शासनाने ती लढाई केव्हा, कशी आणि कोणासाठी स्मरणात ठेवली याची साक्ष देते. संग्रहात जे आढळते ते लढलेल्यांचे प्रमाण दर्शवत नाही. त्यातून दिसतात ते दीर्घायुषी, अर्ज करू शकलेले आणि दप्तरात नोंदले गेलेले सैनिक. म्हणून पदके घासूनपुसून चकचकीत करण्यापेक्षा त्यांचे वजन, व्यास, नावाची घडण आणि मालकीचा प्रवास यांची नोंद ठेवणे अधिक मोलाचे आहे. महाविद्यालयीन स्तरावर साधनचिकित्सा शिकविताना एक पदक आणि त्याची नामावली विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास पुराव्याचे अंतर्गत व बाह्य परीक्षण त्यांना प्रत्यक्ष करता येईल. खोटे नाव कोरले जाते तेव्हा एका अनाम शिपायाची इतिहासातील जागा दुसऱ्यास दिली जाते. ती जागा ज्याची त्याला परत मिळवून देणे, हेच सत्यतापरीक्षणाचे खरे प्रयोजन होय.