साधन-आरक्षण व साधन-मुक्ती, संगणकातील

संगणकाच्या यंत्रसामग्रीचा एखादा भाग विशिष्ट कार्यक्रमाच्या स्वाधीन करणे व काम संपताच तो परत घेणे, या क्रियांना अनुक्रमे साधन-आरक्षण व साधन-मुक्ती म्हणतात. पत्त्यांचा पट्टा, व्यत्यय-संकेताचा मार्ग आणि स्मृतीशी थेट देवघेव करणारी वाहिनी ही यांतील प्रमुख साधने होत. त्यांची मागणी साधनचालक, म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर, करतो. नोंद परिचालन प्रणाली ठेवते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० च्या काळात फीतयंत्रे व मुद्रक ही महागडी व मोजकी साधने होती. एका कामाने फीतयंत्र अडवून मुद्रकाची आणि दुसऱ्याने मुद्रक अडवून फीतयंत्राची वाट पाहिली, तर दोन्ही कामे कायमची खोळंबत. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीत कामाच्या प्रत्येक टप्प्याला लागणारी साधने आरंभीच एकत्रित देऊन हा पेच टाळण्यात आला. जे. डब्ल्यू. हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये या पद्धतीची मीमांसा केली.

वैयक्तिक संगणकात अडचण निराळी होती. १९८१ च्या आयबीएम पीसीत व्यत्यय-मार्ग अवघे आठ होते व त्यांपैकी दोन कालमापक आणि कळफलक यांनाच लागत. १९८४ च्या पीसी-एटीत वापरण्याजोगे मार्ग पंधरा झाले, तरी टंचाई संपली नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) प्रसृत केलेले, संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणणारे ‘जिस्ट’ कार्डही संगणकातील खाचेतच बसवावे लागे. अशा जादा कार्डांचे पत्ते एकमेकांवर आले, तर दोन्ही कार्डे निकामी ठरण्याचा संभव असे. कार्डावरील बारीक खुंट्या हलवून तंटा मिटविण्याचे काम वापरणाऱ्याकडेच येई.

१९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आरंभलेल्या लिनक्स प्रणालीत पत्त्यांची नोंदवही कर्नल ठेवू लागला. प्रथम ‘चेक रीजन’ने पट्टा मोकळा आहे का हे पाहावे व मग ‘रिक्वेस्ट रीजन’ने तो मागावा, अशी रीत होती. ती सदोष होती. कारण पाहणे व मागणे यांच्या मधल्या क्षणी दुसरा चालक तोच पट्टा घेऊ शके. पुढे मागणीच यशापयश कळवू लागली व पाहणीची क्रिया त्याज्य ठरली.

मुक्तीतील चूक अधिक घातक असते. चालक स्मृतीतून काढला पण व्यत्यय-मार्ग सोडला नाही, तर पुढचा संकेत येताच कर्नल अस्तित्वात नसलेल्या आज्ञांकडे वळतो व प्रणाली कोसळते. पट्टा सोडायचा राहिल्यास तोच चालक पुन्हा चढविताना नाकारला जातो. नोंदवहीतील त्याचे नावही काढून टाकलेल्या स्मृतीतच असल्याने नुसती यादी वाचणेही धोक्याचे ठरे. म्हणून घेतलेली साधने उलट क्रमाने सोडण्याचा दंडक पडला. सहा साधनांपैकी पाचवे मिळाले नाही, तर आधीची चार परत करावी लागतात. आणि नेमक्या या क्वचितच चालणाऱ्या वाटेवर चुका दडून राहत.

२००७ मध्ये तेजुन हिओ यांनी लिनक्समध्ये स्वयंमुक्तीची योजना आणली. तीत साधने उपकरणाच्या नावे नोंदली जातात व चालक विलग होताच कर्नल ती उलट क्रमाने आपणच सोडतो. तथापि व्यत्यय-मार्ग स्वयंमुक्त व स्मृती मात्र हाताने सोडलेली, अशी सरमिसळ झाल्यास स्मृती आधी जाते आणि उशिरा आलेला संकेत त्या रिकाम्या जागीच पोहोचतो.