तिसरा पास

आपल्याकडच्या लिलावात एक वार, दोन वार, तीन वार म्हणतात आणि वस्तू जाते. ब्रिजच्या लिलावातही तसंच असतं, फक्त तिथे ‘वार’ कुणी पुकारत नाही. शेवटच्या बोलीनंतर लागोपाठ तीन खेळाडू ‘पास’ म्हणाले, की लिलाव मिटला. हा लेख त्या तिसऱ्या खेळाडूविषयी आहे. प्रतिस्पर्ध्यांनी बोली लावली, त्यांच्यात ती दोनाच्या पातळीवर येऊन थांबली, दोन पास झाले आणि आता सगळे याच्याकडे बघताहेत. तोही पास म्हणाला तर खेळ सुरू. मध्यम हात असूनही त्याने इथे तोंड उघडलं, तर त्या बोलीला ‘बॅलन्सिंग’ म्हणतात. मराठीत तिला नाव नाही. आमच्या क्लबातले सत्तरीचे खेळाडूही ‘बॅलन्स का नाही केलंस?’ असंच विचारतात.

घरी मेंढीकोट किंवा तीनशे चार खेळलेल्या वाचकाला ब्रिज फार परका वाटू नये. समोरासमोरचे दोघे जोडीदार, हुकूम, तेरा हात. बोली म्हणजे ‘अमुक हुकमात आम्ही इतके हात करू’ असं वचन, आणि मोजणी सहाच्या पुढची. दोन बदाम म्हणजे बदाम हुकूम करून आठ हात.

माझं म्हणणं असं, की ही बोली १९२५ च्या आधी जन्मालाच येऊ शकली नसती. त्यापूर्वी जगभर ऑक्शन ब्रिज खेळला जाई. त्यात तुम्ही दोन बदाम बोली लावून दहा हात केलेत, तर दहाच्या दहा हातांचे गुण गेमसाठी धरले जात. गेम तीस गुणांची, बदामच्या प्रत्येक हाताला आठ. म्हणजे सहाच्या वरचे चार हात केले की बत्तीस, गेम झाली. मग कुणी वर चढेल कशाला? स्वस्तात हुकूम मिळत असेल तर घ्यावा आणि गप्प बसावं. अशा खेळात समोरचे दोनावर थांबले यावरून काहीच कळत नाही. त्यांच्याकडे आठ हात असतील, नाहीतर अकरा.

१९२५ च्या शरदात हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ‘फिनलंड’ नावाच्या बोटीतून लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघाला. बरोबर तीन मित्र आणि वेळ भरपूर. त्या प्रवासात त्याने गुणांची नवी पद्धत वापरून पाहिली. तिचा कणा एवढाच, की जितकी बोली लावाल तितकंच गेमसाठी मोजलं जाईल. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. फ्रान्समध्ये प्लाफाँ नावाच्या खेळात हा नियम आधीपासून होता. पण व्हँडरबिल्टने त्याला स्लॅमचे मोठे बोनस जोडले, आणि एक गेम झालेल्या जोडीला दंड जास्त बसेल अशी तरतूद केली. या अवस्थेला ‘व्हल्नरेबल’ हा शब्द बोटीवरच्या एका तरुणीने सुचवला. तिचं नाव पुढे त्या चौघांपैकी कुणालाच आठवलं नाही. जगातल्या प्रत्येक ब्रिजच्या टेबलावर रोज उच्चारला जाणारा शब्द, आणि त्याची आई बेनाम.

या नव्या हिशेबाचा एक परिणाम बोटीवर कुणाच्या डोक्यात आला असेल असं मला वाटत नाही. आता ज्यांच्याकडे गेमची पानं आहेत त्यांना चारापर्यंत चढावंच लागतं. तेव्हा जे दोनावर थांबले, त्यांनी थांबूनच सांगून टाकलं की आमच्याकडे तितकं नाही. थांबण्याला प्रथमच अर्थ आला. आणि त्यांच्याकडे नाही, तर ते कुठेतरी असणारच. गड्डी बावन्नचीच असते.

अर्थ आला तरी त्याची गरज भासायला डुप्लिकेट स्पर्धा लागल्या. त्यांत तीच वाटणी प्रत्येक टेबलावर खेळली जाते आणि तुमच्या गुणांची तुलना त्याच पानांवर बसलेल्या इतर जोड्यांशी होते. मॅचपॉइंट पद्धतीत तर एका किरकोळ दोन बदामचं वजन स्लॅमइतकंच असतं. पैसे लावून रबर खेळणारा अशा डावाला ‘जाऊ द्या’ म्हणू शकतो. डुप्लिकेट खेळणाऱ्याला ते परवडत नाही. संध्याकाळभरात असे डाव खूप येतात आणि निकाल तिथेच लागतो.

एक हात घेऊ. उत्तरेची बोली एक बदाम. तुम्ही पूर्वेला, पास. दक्षिण दोन बदाम. पश्चिमेला तुमचा जोडीदार, पास. उत्तर पास. तुमच्या हातात इस्पिकचा राजा, गुलाम, नव्वी, चौकी; बदामची सत्ती आणि दुर्री; चौकटचा एक्का, अठ्ठी, पंजी; किलवरचा गुलाम, अठ्ठी, छक्की, तिर्री. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ अशी मिल्टन वर्कची मोजणी चार्ल्स गोरेनने पुढे घरोघरी पोचवली. तिच्यानुसार तुमचे गुण ९. एरवी या हाताकडे बघून कुणी घसा खाकरणार नाही.

पण सगळ्या गड्डीचे मिळून ४० गुण. उत्तरेने सुरुवात केली म्हणजे तिच्याकडे साधारण १२ ते १५, दक्षिणेच्या साध्या पाठिंब्याला ६ ते ९. दोघांचे मिळून एकवीस-बावीस धरा. उरले अठरा-एकोणीस, त्यांतले ९ तुमच्याकडे. म्हणजे जोडीदाराकडेही तेवढेच. मग तो बोलला का नाही? याचं उत्तर तुमच्या सत्ती-दुर्रीत आहे. त्यांच्याकडे आठ बदाम धरले तर उरले पाच. दोन तुमच्याकडे, तीन त्याच्याकडे. हातात तीन बदाम घेऊन आणि धड लांब रंग नसताना त्याला दोनावर तोंड घालणं कठीण होतं. ते काम तुमच्यासाठी राहिलं. आता तुम्ही डबल म्हणायचं, म्हणजे ‘बदाम सोडून कुठलाही रंग सांग’.

याचं गणित १९६९ मध्ये ज्याँ-रने व्हर्न या फ्रेंच लेखकाने ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात मांडलं. दोन्ही बाजूंचे सर्वांत लांब रंग मोजा, त्यांची बेरीज करा. दोन्ही बाजू आपापल्या हुकमात खेळल्या तर एकूण साधारण तितकेच हात होतात. वरच्या डावात त्यांचे आठ बदाम. तुम्हा दोघांच्या सव्वीस पानांतून पाच बदाम वजा केले तर उरली एकवीस. ती तीन रंगांत वाटायची, तर एखादा रंग आठचा निघतो, नाहीतर तिन्ही नेमके सात-सात-सात. आठ आणि आठ सोळा. त्यांचे आठ हात होत असतील तर तुमचेही आठच्या आसपास. गप्प बसलात तर त्यांना ११० गुण. दोन इस्पिकमध्ये तुमचे आठ झाले तर ते ११० तुमचे. किलवरमध्ये तीनापर्यंत जाऊन एक हात कमी पडला आणि तुम्ही व्हल्नरेबल नसाल, तर जातात ५०. दोन कमी पडले तरी १००. हरूनही नफा. वर त्यांना तीन बदामला ढकललं आणि ते तिथे पडले, तर दिवाळीच.

व्हल्नरेबल असताना मात्र दोन हात कमी म्हणजे २०० गेले, आणि डबल बसलं तर एकाच हाताला तितके. या पातळीवर थांबलेला डाव सोडून दिला असता तर इतके जवळजवळ कधीच गेले नसते. म्हणून अनुभवी खेळाडू आधी पानांकडे नाही, बोर्डाच्या रंगाकडे बघतो.

लॅरी कोहेनच्या १९९२ च्या पुस्तकाने व्हर्नचा नियम क्लबाक्लबांत नेला. २००४ मध्ये माइक लॉरेन्स आणि आंदेर्स व्हिर्ग्रेन यांनी अख्खं पुस्तक लिहून त्याला आव्हान दिलं: सरासरीला जवळ येतो, पण एकेका डावात एखाद्या हाताने सहज चुकतो, छोटे रंग आणि कामाची पानं मोजा. गंमत अशी, की बॅलन्सिंगवरचा जाडजूड ग्रंथ लॉरेन्सनेच १९८१ मध्ये लिहिला होता. म्हणजे बोली लावावी यावर वाद नाही. वाद का लावावी यावर आहे. मी लॉरेन्सच्या बाजूचा. माझ्या हातात बदामची राणी-गुलाम असती तर तेच नऊ गुण घेऊन मी गप्प बसलो असतो. ती पानं त्यांच्या हुकमाविरुद्ध कामाला येतात, माझ्या हुकमात वाया जातात.

इंग्रज याच बोलीला ‘प्रोटेक्शन’ म्हणतात आणि मला ते नाव जास्त खरं वाटतं. त्यांचा हिशेब असा, की जोडीदाराकडून एक राजा उसना घ्यायचा आणि त्या जोरावर बोलायचं. पण उसनवारीला दुसरी बाजू असते. पश्चिमेच्या खेळाडूने हे विसरता कामा नये, की त्याचे गुण पूर्वेने आधीच खर्च केले आहेत. त्याच गुणांवर तो पुन्हा चढला तर एकच राजा दोनदा मोजला गेला. जोडीदारांमधली किती भांडणं या एका राजावरून झाली असतील! ‘अहो, माझ्याकडे अकरा होते!’ ‘होते ना, म्हणूनच मी बोललो!’

खरी अडचण वेगळीच आहे. हा सगळा अंदाज जोडीदाराच्या पासवर उभा आहे, आणि पास दोन प्रकारे म्हणता येतो. झटकन, किंवा पानं दोनदा उघडमीट करून, छताकडे बघून, मग. दुसऱ्या प्रकारात त्याच्याकडे बऱ्यापैकी पानं आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग नऊ गुणांवर डबल म्हणण्यात धाडस कसलं? आजच्या नियमावलीतला सोळावा नियम यासाठीच आहे. विचार करायला बंदी नाही. पण जोडीदाराच्या रेंगाळण्याने एखादी बोली सुचत असेल आणि दुसरा पर्याय तितकाच समंजस असेल, तर सुचलेली बोली लावायची नाही.

दोन वर्षांपूर्वी जवळपास असाच हात माझ्याकडे आला. माझे जोडीदार निवृत्त प्राध्यापक, सभ्य गृहस्थ. दोन बदामवर ते इतका वेळ थांबले की दक्षिणेच्या बाईंनी चहाचा कप उचलून पुन्हा खाली ठेवला. मग पास. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे माझा पासही समंजसच ठरला असता. मी पास म्हणालो. त्यांचे नेमके आठ हात झाले. आमचे इस्पिकमध्ये नऊ झाले असते. त्या बोर्डावर आम्ही तळाला गेलो. जिन्यात त्यांनी विचारलं, ‘अहो, तुम्ही थांबलात का?’ मी म्हटलं, ‘सर, तुम्ही थांबलात म्हणून.’ ते दोन पायऱ्या काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बरोबर आहे.’

मोठ्या स्पर्धांनी यावर लाकूड आणि कापड वापरून उपाय काढला. बोली तोंडी न सांगता छापील पत्ते मांडायची पेटी स्वीडनमधून आली. आवाजाचा चढउतार गेला. १९७५ च्या बर्म्युडा बोलला प्रथमच टेबलावर तिरका पडदा आला. उत्तर आणि पूर्व एका बाजूला, दक्षिण आणि पश्चिम दुसऱ्या. बोलीचे पत्ते एका ट्रेवर मांडून तो पडद्याखालून सरकवतात. वरच्याच डावात दक्षिणेचे दोन बदाम आणि पश्चिमेचा पास एकाच ट्रेवरून पलीकडे येतात. ट्रे उशिरा आला, तर विचारात कोण पडलं होतं, दोनावर थांबू की तीनावर जाऊ म्हणणारी दक्षिण, की बोलू की नको म्हणणारी पश्चिम, हे पूर्वेला कळायला मार्ग नाही. काही खेळाडू तर सोप्या बोलीनंतरही ट्रे मुद्दाम थोडा अडवून ठेवतात.