क्यासनूर ते केर : माकडतापाचा साठ वर्षांचा प्रवास

१/ मार्च १९५७. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसेही तापाने फणफणली. अंगदुखी असह्य, काहींना रक्तस्राव. रोगाला नाव नव्हते.

२/ पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरचे (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. त्यांच्या मनात एक मोठी भीती होती : पीतज्वर. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे अशीच मरत. भारतात तो रोग नव्हता, पण त्याचा प्रसार करू शकणारे डास मुबलक होते.

३/ तपासणीअंती विषाणू निराळाच निघाला. त्याचे नाते रशियातील गोचिडींमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराशी होते. वाहक डास नव्हता, गोचीड होती. जंगलाच्या नावावरून रोगाला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हटले गेले. लोकांनी मात्र त्याला ‘माकडताप’ म्हटले.

४/ हे नाव माकडावर अन्याय करणारे आहे. विषाणू गोचिडी आणि जंगलातील लहान प्राणी यांच्यात फिरत राहतो. माकड त्याचा बळी ठरते. ते मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. माणसाला बहुधा चावतात ती मोहरीएवढी पिल्ले, म्हणून चावा लक्षातही येत नाही. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

५/ मग रोग वाढतो कसा? जंगल तोडून शेती आली, तिच्यामागे गुरे जंगलात चरू लागली. पूर्ण वाढलेल्या गोचिडींना गुरांचे रक्त मिळाले आणि त्यांची संख्या वाढली. गुरे आजारी पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

६/ अनेक दशके हा रोग कर्नाटकापुरता मानला जाई. पुढे २०१३ मध्ये केरळमधील वायनाडात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात, केर गावात, तो आढळला. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांद्यात रुग्ण सापडले.

७/ मालवणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग म्हणजे समुद्र. पण याच जिल्ह्याची दुसरी कड सह्याद्रीला टेकलेली आहे. तिळारीच्या परिसरात महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांची जंगले एकमेकांत मिसळतात. राज्यांच्या सीमा गोचिडीला ठाऊक नसतात.

८/ वेळही नेमकी घात करणारी. माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजूच्या बिया वेचण्याचे दिवस तेच. भाजावळीसाठी पातेरा गोळा करायचा तोही पावसाआधी. ज्या वाळल्या पानांत गोचीड दबून बसते, त्यांतच बागायतदाराचे आणि मजुराचे हात असतात. घरी बसणे हा उपाय त्यांना परवडत नाही.

९/ या रोगावर विशिष्ट औषध नाही; शंभर रुग्णांमागे सुमारे तीन ते पाच दगावतात. कर्नाटकात वर्षानुवर्षे लस दिली गेली, पण तिचा प्रभाव अपुरा ठरला. उरतात साधे उपाय : पूर्ण अंग झाकणारे कपडे, गोचीडरोधक तेल, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे आवर्जून सांगणे.

१०/ मेलेल्या माकडाला हात न लावता वनविभागाला कळवणे, हे तर सर्वांत महत्त्वाचे. १९५७ साली माणसांच्या आधी माकडे मेली, म्हणून शोध सुरू होऊ शकला. आजही रानातले मेलेले माकड ही गावाला मिळालेली पहिली खबर असते.