डाफ्ट पंक, 'जिमी जिमी' आणि श्रेयाचा प्रश्न

१/ थॉमा बँगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो ही पॅरिसची जोडी 'डाफ्ट पंक' या नावाने जगभर गाजली. यंत्रमानवी शिरस्त्राणांआड चेहरे लपवणाऱ्या या जोडीचा धागा थेट मुंबईच्या हिंदी चित्रपटापर्यंत पोहोचतो.

२/ आधी नावाविषयी. दोघांच्या 'डार्लिन' या पहिल्या बँडची 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाने 'डाफ्ट', म्हणजे खुळचट, अशी संभावना केली. पुढे त्याच टीकेतून नवे नाव उचलले गेले. 'डार्लिन'मधील तिसरा वादक लॉरां ब्रांकोविट्झ 'फिनिक्स' बँडमध्ये गेला.

३/ थॉमाचे वडील दानिएल वांगार्द हे डिस्कोयुगातील नामवंत गीतकार-निर्माते. जाँ क्लुगेर यांच्यासह त्यांनी 'ओटावान' या जोडीसाठी 'डी.आय.एस.सी.ओ.' रचले. १९८० मध्ये त्याच जोडीचे 'ते ओके' आले.

४/ दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, 'डिस्को डान्सर' प्रदर्शित झाला. त्यातील 'जिमी जिमी जिमी आजा' ही बप्पी लाहिरींची रचना 'ते ओके'च्या चालीवर बेतलेली आहे. गायिका पार्वती खान. हा चित्रपट सोव्हिएत संघातही अफाट लोकप्रिय झाला. २००७ मध्ये एम.आय.ए. या तमिळवंशीय ब्रिटिश गायिकेने 'जिमी' नव्याने गायले.

५/ वडिलांची चाल अशी जगभर फिरली, तर मुलाची कला इतरांच्या ध्वनिमुद्रिकांवर उभी राहिली. जुन्या मुद्रिकेतील काही क्षण कापून, त्यांची गती व क्रम बदलून नवी रचना बांधणे, म्हणजे 'सॅम्पलिंग'.

६/ २००१ च्या 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्रॉन्गर'चा पाया एडविन बर्डसाँग यांचे १९७९ चे 'कोला बॉटल बेबी' आहे. सहरचनाकार म्हणून त्यांना श्रेय मिळाले. २००७ मध्ये कान्ये वेस्टने हेच गाणे 'स्ट्रॉन्गर'मध्ये वापरले.

७/ ऋण मान्य करण्याची या जोडीला सवय होती. १९९७ च्या 'टीचर्स'मध्ये त्यांनी आपल्या गुरुजनांची नावेच उच्चारली. २०१३ च्या अल्बममध्ये जॉर्जियो मोरोडर यांना स्वतःची कहाणी सांगू दिली.

८/ तरीही एक नाव मागे राहिले. २००० च्या 'वन मोअर टाइम'मध्ये एडी जॉन्स यांच्या १९७९ च्या 'मोअर स्पेल ऑन यू'चे तुकडे आहेत. जोडी विसर्जित झाली त्याच वर्षी, २०२१ मध्ये, 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने वृत्त दिले की जॉन्स यांना त्याचा मोबदला मिळालेलाच नव्हता. डाफ्ट पंककडून हक्कधारक कंपनीला नियमित पैसे जात होते, पण ते गायकापर्यंत पोहोचले नाहीत.

९/ कारण ध्वनिमुद्रणाचे हक्क करारानुसार बहुधा कंपनीकडे असतात, कंठ कोणाचाही असो. हक्क विकले जातात, कंपन्या बदलतात आणि मूळ कलावंत कागदोपत्री हरवतो. म्हणून संगीताचा इतिहास वाचताना चाल कोठून आली याबरोबरच तिचा मोबदला कोठे थांबला, हेही तपासावे लागते.