नियंत्रण-रोहित्राचे क्षमतानिर्धारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

औद्योगिक विजेच्या इतिहासात वीजनिर्मिती केंद्रे, धरणे व उद्योगपती यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने कारखान्यातील मोटर-नियंत्रण पॅनेल आणि त्यातील लहानसे नियंत्रण-रोहित्र (कंट्रोल ट्रान्सफॉर्मर) उपेक्षित राहिले. वास्तविक कामगाराचे बोट ज्या बटणावर टेकते, त्या बटणापर्यंत किती दाबाची वीज पोहोचावी हे याच उपकरणाने ठरते. प्रस्तुत लेखात या रोहित्राची पार्श्वभूमी व त्याच्या क्षमतानिर्धारणामागील तत्त्व यांचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८८५ मध्ये बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व डेरी यांनी बंद गाभ्याचे रोहित्र सिद्ध केले. १८८९ मध्ये दोलिवो-दोब्रोव्होल्स्की यांनी त्रिकला इंडक्शन मोटर घडविली. १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट या सुमारे १७५ कि.मी. अंतरावर त्रिकला वीज वाहून नेण्यात आली आणि कारखान्यांच्या विद्युतीकरणाचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली व वाफेच्या इंजिनांची जागा हळूहळू मोटरींनी घेतली.

आरंभी मोटर हाताने चालविण्याच्या स्टार्टरने सुरू होत असे. पुढे विद्युतचुंबकाच्या ओढीने बंद होणारा कॉन्टॅक्टर आला आणि दूरवरच्या बटणाने मोटर चालविणे शक्य झाले. मात्र कॉन्टॅक्टरची कॉइल थेट मुख्य पुरवठ्यावर जोडल्यास तोच दाब बटणापर्यंत जातो. भारतात हा दाब दीर्घकाळ ४१५ व्होल्ट गणला गेला. तो ११० व्होल्टपर्यंत उतरविणे व नियंत्रण-परिपथ मुख्य पुरवठ्यापासून अलग करणे, ही दोन कार्ये नियंत्रण-रोहित्राकडे आली. यंत्रांच्या विद्युत सुरक्षिततेविषयीच्या आय.ई.सी. ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकानेही, काही साध्या यंत्रांचा अपवाद वगळता, स्वतंत्र वेटोळ्यांच्या रोहित्राची अपेक्षा ठेवली आहे.

क्षमतानिर्धारणाचे तत्त्व :

कॉन्टॅक्टर उघडा असताना त्याच्या चुंबकीय मार्गात हवेची फट असते. त्यामुळे कॉइलचे प्रवर्तन कमी राहते व बंद होण्याच्या क्षणी ती मोठा प्रवाह खेचते. फट मिटताच प्रवाह बराच घटतो. म्हणजे प्रत्येक कॉइलला दोन भार असतात : क्षणिक ओढीचा व धरून ठेवण्याचा. केवळ दुसऱ्याची बेरीज करून रोहित्र निवडणे अपुरे ठरते.

उदाहरणादाखल एका पॅनेलात प्रत्येकी १० व्होल्ट-अँपिअर धारण-भाराचे ६ कॉन्टॅक्टर, ३० व्होल्ट-अँपिअरचे दर्शक दिवे आणि एक मोठा कॉन्टॅक्टर (धारण ३०, ओढ ३५०) आहे असे मानू. सर्वांचा सततचा भार १२० व्होल्ट-अँपिअर होतो. परंतु इतर सर्व चालू असताना मोठा कॉन्टॅक्टर ओढला गेला, तर साध्या बेरजेने क्षणिक भार ९० + ३५० = ४४० व्होल्ट-अँपिअर होतो. म्हणून सततच्या १२० व्होल्ट-अँपिअरला पुरून उरेल आणि हा ४४० चा क्षणिक भार अल्प शक्तिगुणकावर सोसतानाही दाब मर्यादेखाली जाऊ देणार नाही, असे रोहित्र उत्पादकाच्या तक्त्यावरून निवडावे लागते. कॉन्टॅक्टरने निर्धारित दाबाच्या ८५ टक्क्यांवरही बंद व्हावे, अशी मानकांची अट आहे. चुंबकाची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ८५ टक्क्यांवर ती सुमारे ७२ टक्के, तर ७५ टक्क्यांवर केवळ ५६ टक्के उरते.

रोहित्र लहान पडल्यास कॉन्टॅक्टर थरथरतो, कॉइल जळते आणि संपर्कबिंदू एकमेकांस चिकटू शकतात. तसे झाल्यास थांबण्याचे बटण दाबूनही मोटर थांबत नाही. उलट अवाजवी मोठे रोहित्र निवडल्यास खर्च, लघुमंडल प्रवाह व स्वतः रोहित्राचा आरंभ-प्रवाह वाढतो.

क्षमतेइतकेच महत्त्व अर्थिंगला आहे. दुय्यम वेटोळ्याचे एक टोक अर्थ करून कॉइलचे एक टोक थेट त्याच बाजूस जोडल्यास, बटण व कॉइल यांमधील तार जमिनीस लागताच फ्यूज उडतो आणि मोटर थांबते. अर्थ न केलेल्या परिपथात पहिला दोष नकळत राहतो, आणि दुसरा दोष थांबण्याच्या बटणालाच वळसा घालू शकतो.

समारोप :

१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले-पॅनेलांना पर्याय मागितला. त्यातून मोडिकॉन ०८४ हा प्रोग्रामेबल नियंत्रक पुढे आला. त्यानंतर २४ व्होल्ट एकदिश पुरवठा व इलेक्ट्रॉनिक कॉइल रूढ होत गेल्या आणि नियंत्रण-रोहित्राचे क्षेत्र आकुंचित झाले. तथापि ते संपलेले नाही. उपकरणे बदलली तरी सरासरी भार न पाहता सर्वांत कठीण क्षण पाहून क्षमता ठरवावी, हे तत्त्व कायम आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कामगाराच्या सुरक्षिततेचे स्थान शोधताना अशा लहान उपकरणांकडेही अभ्यासकांनी वळणे अगत्याचे आहे.